पेपर टाकला तरी तीन महिने सुटका नाही

मा. संपादक,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. आयटीतली पोरं ऑफर लेटर घेतात, जॉइनिंगची तारीख देतात आणि त्या दिवशी फोन बंद करून बसतात, शब्दाला किंमतच राहिली नाही, असा एकूण सूर होता. लिहिलंय ते खोटं नाहीये. मी स्वतः रिक्रूटमेंटमध्ये आहे, आधी बरीच वर्षं कंपनीत एचआरला होते, आता पिंपळे सौदागरला घरातल्याच एका खोलीतून छोटी कन्सल्टन्सी चालवते आणि हिंजवडी, बाणेर, खराडी या पट्ट्यातल्या कंपन्यांना माणसं देते. माणूस जॉइन झाला तर माझं बिल होतं, नाही झाला तर तीन-चार महिन्यांची मेहनत पाण्यात. म्हणजे ऑफर घेऊन न येणाऱ्या पोरांवर चिडायचा हक्क कुणाला असेल तर तो मलाच आहे. तरी हे पत्र लिहितेय कारण त्या अख्ख्या लेखात नोटीस पिरियडचं नावसुद्धा नव्हतं, आणि ९० दिवसांची नोटीस बाजूला ठेवून या विषयावर बोलणं म्हणजे खड्ड्यांचं नाव न घेता पुण्याच्या ट्रॅफिकवर बोलणं.

ज्यांच्या घरात कुणी आयटीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. पेपर टाकला म्हणजे राजीनामा दिला. तो दिल्यावर लगेच जाता येत नाही, अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेले दिवस भरावे लागतात, आणि आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांत हे दिवस बहुतेक ठिकाणी ९० असतात, काही ठिकाणी ६०. म्हणजे समजा एक एप्रिलला पेपर टाकला तर जूनअखेर सुटका. हे मॅनेजरपुरतंच नाही हं, दोन वर्षं अनुभवाच्या टेस्टिंगवाल्या मुलीलाही तेच ९० आणि वीस वर्षांच्या आर्किटेक्टलाही तेच.

आता यात गंमत कशी होते बघा. मला कंपन्यांकडून जी रिक्वायरमेंट येते त्यात खाली ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, इमिजिएट जॉइनर हवा, जास्तीत जास्त ३० दिवस. मी मुद्दाम विचारते की मॅडम तुमच्या स्वतःच्या कंपनीत नोटीस किती, तर उत्तर येतं नाइंटी डेज, नॉन-निगोशिएबल. आपल्याकडून जाणाऱ्याला तीन महिने धरून ठेवायचं आणि दुसऱ्याकडून येणारा मात्र महिन्यात पाहिजे, हे प्रत्येकालाच हवं असेल तर तो माणूस आणायचा कुठून? मग जॉब पोर्टलवर फिल्टर लावतात, सर्व्हिंग नोटीस पिरियड असा. म्हणजे ज्याने ऑलरेडी पेपर टाकलाय आणि ज्याचे थोडेच दिवस उरलेत असाच माणूस दाखवा. त्यामुळे पोरांनाही कळून चुकलंय की हातात नोकरी असताना कुणी विचारत नाही, पेपर टाकला की फोनवर फोन सुरू. एक ऑफर कशीबशी मिळवायची, तिच्या जोरावर पेपर टाकायचा, आणि मग पुढचे तीन महिने ती ऑफर खिशात ठेवून दुसरी शोधायची, दुसरीवर तिसरी. पहिल्या ऑफरवाल्या कंपनीने ज्याला एप्रिलमध्ये हो म्हणवून घेतलं तो माणूस जुलैत येणार असतो, मधल्या काळात त्याला लाख-दोन लाख जास्त देणारे चार जण भेटलेले असतात, त्यात घरी ईएमआय चालू असतो, मग तो काय करणार. कुणालाही तीन महिने मंडपात उभं करून लग्न पुढे ढकललं तर वऱ्हाड पांगणारच.

आणि कंपन्याही काही साध्याभोळ्या नसतात, हे त्या लेखात अजिबातच नव्हतं. त्यांना माहीत असतं की तिघांतला एकच येणार, म्हणून एका जागेसाठी दोघा-तिघांना ऑफर देऊन ठेवतात. पहिला आला की बाकीच्यांना मेल जातो, पोझिशन ऑन होल्ड गेली आहे, वुई विल गेट बॅक टू यू. कुणी पेपर टाकून अर्धी नोटीस भरलीये, कुणाचे पंधरा दिवस उरलेत, याचा विचार कुणी करत नाही. इचलकरंजीकडचा एक मुलगा होता, चांगला ऑटोमेशनवाला, त्याची नोटीस संपत आली असताना नव्या कंपनीने ऑफर मागे घेतली, प्रोजेक्टच आलं नाही म्हणाले. तो जुन्या मॅनेजरकडे गेला की सर राजीनामा मागे घेतो, तर उत्तर मिळालं तुझ्या जागी बॅकफिल झालाय, म्हणजे दुसरा माणूस घेतलाय. तीन महिने ज्याला सोडत नव्हते त्याला आता ठेवून घ्यायला जागा नव्हती! तो मुलगा पुढचे कितीतरी आठवडे घरी बसला, वडिलांना सांगितलं वर्क फ्रॉम होम चालू आहे. मी यात मध्यस्थ असल्यामुळे त्याच्या आईचा फोन मला यायचा, तिला काय सांगायचं मला कळायचं नाही.

आता कंपन्यांची बाजू, कारण मी त्या खुर्चीत बसलेय. म्हणणं असं की प्रोजेक्ट क्लायंटचं आहे, माणूस अचानक गेला तर डिलिव्हरी अडते, नवीन माणूस शोधायला वेळ लागतो, आणि जाणाऱ्याकडून केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर घ्यावी लागते. पटतं. २०२२ मध्ये तर हाहाकार होता, इन्फोसिसचा ॲट्रिशनचा, म्हणजे सोडून जाणाऱ्यांचा आकडा जूनच्या तिमाहीत २८.४ टक्क्यांवर गेला होता, टीसीएसचा सप्टेंबरमध्ये २१.५ टक्के. शंभरातले वीस-पंचवीस लोक वर्षात सोडून जायला लागल्यावर कुठलाही मॅनेजर दरवाजा घट्ट लावून घेणार. पण मग दोन प्रश्न पडतात. एक म्हणजे तेव्हाही ९० दिवसांची नोटीस होतीच की, तिने कोण थांबलं? आणि दुसरं, नंतर ती लाट ओसरली, मार्केट थंड झालं, माणसं जागच्या जागी बसली, तरी नोटीस ९० वरून ६० झाल्याचं मी तरी फारसं पाहिलं नाही. वर चढलेल्या गोष्टी आपल्याकडे खाली येत नाहीत, रिक्षाभाडं असो नाहीतर नोटीस.

आणि केटीचं जे कौतुक सांगतात ते प्रत्यक्षात कसं चालतं ते कुठल्याही आयटीवाल्याला विचारा. पेपर टाकल्यावर पहिला आठवडा मॅनेजर मनधरणी करतो, काउंटर ऑफर देतो, नाही ऐकलं तर तोंड फिरवतो. मग एकेका मीटिंगमधून नाव काढलं जातं, नवं काम दिलं जात नाही, अप्रेझल असेल तर रेटिंग खाली, व्हेरिएबल पे अडकलेलं. मधला दीड महिना माणूस नुसता लॉगिन करून बसतो आणि दुसरीकडचे इंटरव्ह्यू देतो, जे मॅनेजरलाही माहीत असतं. बदली माणूस कोण हे शेवटच्या पंधरा दिवसांत ठरतं, आणि केटी होते ती शेवटच्या आठवड्यात, टीम्सवर चार रेकॉर्डिंग करून. खरं काम आठ-दहा दिवसांचं, त्यासाठी ९० दिवस.

याचा उलटा पुरावा हवा असेल तर कंपनीला माणूस नको असतो तेव्हा काय होतं ते बघा. सकाळी मीटिंगचं इन्व्हाइट येतं, एचआर आणि मॅनेजर दोघं कॉलवर असतात, दुपारी ॲक्सेस बंद, संध्याकाळी लॅपटॉप जमा, नोटिशीचे पैसे खात्यात टाकून विषय संपला. तेव्हा क्लायंटचं प्रोजेक्ट अडत नाही, केटी लागत नाही, डिलिव्हरी कोसळत नाही. २०२५ च्या जुलैत टीसीएसने आपले दोन टक्के, म्हणजे साधारण १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं आणि पुण्यातल्या कितीतरी घरांत त्या महिन्यात झोप नव्हती. कंपन्यांनी कपात करूच नये असं मी म्हणत नाही, धंदा आहे. पण हजारो माणसांशिवाय काम चालतं असं हिशोब करून ठरवता येत असेल तर एक माणूस महिनाभरात जायचं म्हणाला की आभाळ कसं कोसळतं?

कायद्यात ही ९० दिवसांची भानगड आली कुठून, तर ती कायद्यातली नाहीच, करारातली आहे. जुन्या कायद्यांचा हिशोब महिन्याचा होता. १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्स कायद्याखालच्या नमुना नियमांत महिन्याच्या पगारावरच्या कायम कामगारासाठी एक महिन्याची नोटीस होती, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी. आपल्या १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षभर काम केलेल्याला काढायचं तर ३० दिवस, तीन महिने ते वर्षभर काम झालेल्याला १४ दिवस. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात करतानाही सर्वसाधारण नियम एक महिन्याचा, मोठ्या कारखान्यांना तेवढा तीन महिन्यांचा, आणि तोसुद्धा मालकावर, कामगारावर नाही. म्हणजे तीन महिने ही कल्पना या कायद्यांत आली ती नोकरी जाणाऱ्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून. आपल्या कंपन्यांनी तीच उचलून नोकरी सोडणाऱ्यावर फिरवली.

मग आयटीवाला या कायद्यात बसतो का, यावर वर्षानुवर्षं वाद, कारण मॅनेजर कामगाराच्या व्याख्येत येत नाही, आणि आमच्याकडे तर तीन वर्षांत प्रत्येकाच्या कार्डावर लीड नाहीतर मॅनेजर छापलेलं असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे चार लेबर कोड म्हणजे कामगार संहिता लागू झाल्या, त्यात एक खरंच चांगली गोष्ट आहे, त्यांतल्या वेतन संहितेत म्हटलंय की काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. ज्यांनी फुल अँड फायनलसाठी, म्हणजे शेवटच्या हिशोबासाठी ४५-४५ दिवस एचआरला मेल टाकलेत त्यांना याची किंमत कळेल. पण राजीनाम्याची नोटीस जास्तीत जास्त किती असावी, अशी सगळ्या नोकरदारांना लागू होणारी मर्यादा त्यात नाही. तिथे पुन्हा अपॉइंटमेंट लेटर म्हणेल ते.

आणि ते लेटर कोण वाचतं? कॅम्पसमधून लागलेल्या मुलाच्या हातात चौदा पानं येतात, घरचे पॅकेजचा आकडा बघतात आणि पेढे आणायला जातात. नोटिशीचं कलम साधारण दहाव्या पानावर असतं. त्यात लिहिलेलं असतं की दोन्ही बाजूंनी ९० दिवस, दिसायला एकदम समान. पुढची ओळ मात्र अशी की नोटीस कमी करायची का, पैसे घेऊन सोडायचं का, हे कंपनीच्या मर्जीवर. कंपनीला पाहिजे तेव्हा ती पैसे टाकून मोकळी होऊ शकते, माणसाला मात्र स्वतःच्या खिशातून पैसे भरूनही मोकळं होता येत नाही, मॅनेजर नाही म्हणाला तर नाही. काही लेटरांत तर कंपनी देणार असेल तर बेसिकवर म्हणजे मूळ पगारावर हिशोब आणि माणूस देणार असेल तर ग्रॉसवर, म्हणजे भत्त्यांसकट! बेसिक आणि ग्रॉसमध्ये निम्म्याचा फरक असतो हो. त्यात नोटीस काळात सुट्टी घ्यायची नाही, घेतली तर तेवढे दिवस नोटीस पुढे. सोलापूरची एक मुलगी होती माझ्याकडे, आईचं ऑपरेशन म्हणून आठवडाभर गेली तर तिची शेवटची तारीख आठवडाभर पुढे ढकलली, नव्या कंपनीची जॉइनिंग बॅच तोपर्यंत निघून गेली.

यावर लोक म्हणतात की जाऊ दे, सोडून द्यायची, कोर्ट काय जबरदस्तीने कामाला बसवणार आहे का. खरंय, नाही बसवू शकत. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याप्रमाणे माणसाच्या व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही, कंपनीला फार तर नुकसानभरपाई मागता येते. २०१८ मध्ये एअर इंडिया सोडून जेट एअरवेजमध्ये गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, इच्छा नसताना त्याला कामाला जुंपता येत नाही. पण त्याच वाक्यात पुढे आहे की नेमणुकीच्या अटींमध्ये किंवा नियमांत वेगळं काही नसेल तर. म्हणजे आलो परत दहाव्या पानावर. आणि २०२५ च्या मे महिन्यात विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरा ही अट योग्य ठरवली. ते बाँडचं प्रकरण होतं आणि बँक सरकारी होती, भरतीच्या खर्चाचा मुद्दा होता, पण लेटरवर सही केली तरी काही होत नाही असं छातीठोकपणे सांगणाऱ्या यूट्यूबवाल्यांनी तो निकाल एकदा वाचावा.

आणि कोर्टाची गरजच पडत नाही, कारण कंपनीच्या हातात रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र असतं. ते नसेल तर पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडवते, सिस्टीममध्ये ॲब्स्कॉन्डिंग असा शेरा पडतो, जणू काही चोरी करून पळालाय. पीएफमध्ये पूर्वी तर नोकरी सोडल्याची तारीखसुद्धा कंपनीनेच टाकायची, ती टाकली नाही की पैसे ट्रान्सफर अडकले. २०२० च्या जानेवारीपासून ती तारीख कर्मचाऱ्याला स्वतः टाकता येते, नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर, हे अजून निम्म्या लोकांना माहीत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहिलं. मध्यंतरी तर नोटिशीचे पैसे कापून घेतले तर त्यावर १८ टक्के जीएसटी असं एक खूळ निघालं होतं, म्हणे कंपनीने तुम्हाला लवकर सोडायची 'सेवा' दिली! शेवटी ३ ऑगस्ट २०२२ ला केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून स्पष्ट केलं की यावर जीएसटी लागत नाही. सुटका ही सेवा समजणाऱ्या डोक्याचं मला आजही कौतुक वाटतं.

कुणी म्हणेल पायलटना तर वर्षभराची नोटीस असते, त्यांचं काय. हो, २०१७ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कमांडरसाठी एक वर्ष आणि को-पायलटसाठी सहा महिने केली. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ पायलट नोटीस न भरता गेले आणि प्रकरण मुंबई हायकोर्ट, दिल्ली हायकोर्टापर्यंत पोचलं, फ्लाइट रद्द झाल्या तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांचं तिकीट अडकलं होतं. पायलट संघटनांना तो नियम मान्य नव्हताच, एक वर्ष मलाही जरा जास्तच वाटतं. पण तिथे निदान एक सरकारी संस्था आहे, तिने कारण सांगितलं की एक पायलट तयार करायला वेळ लागतो आणि प्रवाशांची गैरसोय होते, आणि त्याच नियमात असंही लिहिलंय की नोटीस काळात पायलटचे हक्क आणि सवलती कंपनीने काढून घ्यायच्या नाहीत. पेरोलचा रिपोर्ट काढणाऱ्या मुलाने तीन महिने थांबायचं कारण कुणी, कुठे, कुणाला सांगितलंय?

याहून जवळचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्राचे १९८१ चे नियम आहेत, त्यात कायम शिक्षकाला सोडायचं तर तीन महिन्यांची नोटीस, कायम नसलेल्याला एक महिन्याची. आकडा तोच तीन महिने, पण पुढे असंही आहे की जेवढे दिवस कमी पडतील तेवढ्याचा पगार, तोही भत्ते सोडून, घेऊन संस्था शिक्षकाला आधी सोडू शकते. सोडायचं की नाही हे तिथेही संस्थाचालकच ठरवतो, पण पैशांचा हिशोब निदान नियमात लिहिलेला आहे, लेटरच्या दहाव्या पानावर सोडलेला नाही. माझा मुद्दा त्याच्या एक पाऊल पुढचा आहे, की भरायचं की थांबायचं हे माणसाने ठरवावं. पण जो लेखी हिशोब या राज्याने १९८१ साली मास्तरांसाठी ठरवला तेवढा तरी आज हिंजवडीत काम करणाऱ्यासाठी का नसावा?

परदेशाचं उदाहरण द्यायचा मोह होतो कारण सगळ्यांचंच कुणी ना कुणी तिकडे असतं. माझा मावसभाऊ जर्मनीत श्टुटगार्टला आहे, तिकडे कायद्याने नोकराची नोटीस मुळात चार आठवड्यांची, आणि नोकरीची वर्षं वाढतील तशी मालकाने द्यायची नोटीस वाढत जाते, वीस वर्षांनंतर सात महिन्यांपर्यंत. करारात तीन महिने तिकडेही सर्रास असतात, त्याच्या स्वतःच्या करारात आहेत, पण नोकरावर मालकापेक्षा जास्त लांब नोटीस लादता येत नाही हे कायद्यात लिहिलेलं आहे. इंग्लंडमध्ये कायद्याने नोकराला किमान एक आठवडा. अमेरिकेत दोन आठवड्यांची पद्धत, पण तिथे मालकही आजपासून येऊ नका म्हणू शकतो, ते आपल्याला नको.

अजून एक गोष्ट हल्ली वाढलीये, ही साथ आयटीबाहेर पसरलीये. भोसरी एमआयडीसीतल्या एका पंधरा-वीस माणसांच्या डिझाइन फर्मचं अपॉइंटमेंट लेटर माझ्या हातात आलं, त्यात ड्राफ्ट्समनला ९० दिवस. मालकांना विचारलं की काका एवढे कशाला, तर म्हणाले आमच्या सीएच्या ऑफिसमधून फॉरमॅट आला. लेटरमध्ये 'कंपनी आणि तिच्या ग्लोबल अफिलिएट्स' असा उल्लेखही तसाच राहिला होता, यांचं एकच युनिट, तेही भाड्याच्या गाळ्यात. आता चाकणचा अकाउंटंट, वाकडच्या क्लिनिकची रिसेप्शनिस्ट, कोचिंग क्लासचा शिक्षक, सगळ्यांना कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं कलम कॉपी-पेस्ट होऊन येतंय. आणि याच छोट्या मालकांना स्वतःला माणूस हवा असतो तेव्हा मोठ्या कंपनीतला उमेदवार तीन महिने येत नाही म्हणून तेच डोकं धरून बसतात. लहान धंद्याला हे परवडतच नाही, मोठ्यांच्या बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रतीक्षेत पगारावर, माणसं असतात, यांच्याकडे कुठून येणार.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्याला हात लावता येतो, सगळं दिल्लीवर ढकलायची गरज नाही. सरसकट नोकरदारांसाठी ३० दिवस करा. अगदी वरच्या पदांसाठी, किंवा जिथे मार्चअखेरीचा ऑडिट असतो तिथे जास्त ठेवायची असेल तर ठेवा ६०, मी स्वतः ऑडिटच्या तोंडावर अकाउंटंट गेल्यावर काय होतं ते पाहिलंय. पण मग माणसाला काम न देता बसवून ठेवलं तरी पूर्ण पगार आणि त्याची सुट्टी त्याला वापरता आली पाहिजे. पैसे भरून सुटायचा पर्याय मॅनेजरच्या मूडवर नको, माणसाचा हक्क हवा, आणि दोन्ही बाजूंचा हिशोब एकाच आकड्यावर, बेसिक तर बेसिक. रिलीव्हिंग लेटर रोखून धरणं बंद. आणि ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते, ऑफर देऊन, माणसाला पेपर टाकायला लावून, मग ऑफर मागे घेणाऱ्या कंपनीने स्वतःच्या लेटरमधल्या नोटिशीएवढा पगार त्याला द्यायचा. तुम्हाला ९० दिवस एवढे महत्त्वाचे वाटतात ना, मग त्या ९० दिवसांचे पैसे मोजा. हा एक नियम जरी आला ना, तरी एका जागेवर तीन ऑफर वाटणं बंद होईल आणि मला खात्री आहे की नोटिशीचे दिवसही बघता बघता कमी होतील.

माझे काही एचआरमधले मित्र म्हणतात की तीस दिवस केले तर रोज माणसं उठून जातील. जाणारा माणूस मनाने त्याच दिवशी गेलेला असतो ज्या दिवशी तो पेपर टाकतो, उरलेले दिवस तुम्ही त्याच्या शरीराला पगार देताय. त्यापेक्षा प्रत्येक कामाला दुसरा माहितगार माणूस तयार ठेवा, डॉक्युमेंटेशन वेळच्या वेळी करून घ्या, पगारवाढीचं पत्र राजीनाम्यानंतर काउंटर ऑफर म्हणून देण्यापेक्षा सहा महिने आधी द्या. हे मी कंपनीत असतानाही सांगायचे, तेव्हाही कुणी ऐकलं नव्हतं, असो.

तोपर्यंत पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांना दोन गोष्टी सांगते. तोंडी ऑफरवर पेपर टाकू नका, कितीही गोड बोलणारी एचआर असली तरी, मेलवर लेटर आल्याशिवाय नाही. राजीनाम्याचा मेल टाकाल तेव्हा स्वतःच्या पर्सनल मेलला त्याची कॉपी घ्या, कारण ऑफिसचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो आणि तारखेवरून वाद झाला की हातात काहीच नसतं. लवकर सोडायला मॅनेजर हो म्हणाला असेल तर तेही लेखी घ्या. न सांगता गायब होऊ नका, त्याने पीएफपासून व्हेरिफिकेशनपर्यंत सगळं अडकतं आणि तुमच्यानंतर येणाऱ्या पोरांचे दरवाजेही बंद होतात, त्यात माझंही बिल बुडतं ते वेगळंच. आणि कॅम्पसमधून लागलेल्यांनो, सही करायच्या आधी दहावं पान काढून बसा, फ्रेशर असलात तरी विचारायला पैसे पडत नाहीत, नोटीस ६० करता येईल का, बायआउट म्हणजे पैसे भरून सुटणं कुणाच्या मर्जीवर आहे, सुट्टीचं काय. शंभरातल्या नव्वद कंपन्या नाही म्हणतील, पण विचारणारे वाढले तर एचआरच्या मीटिंगमध्ये तो विषय निघतो, हे मी आतून पाहिलेलं आहे.

पत्र लांबलं, कापायचं असेल तर जर्मनी कापा पण शाळांच्या नियमांचं ठेवा. आणि नाव छापू नये ही विनंती, माझे क्लायंट सकाळी हाच पेपर वाचतात.

आपली,
एक वाचक, पिंपळे सौदागर, पुणे